एसीचा गॅस तीनदा भरला, तीनदा गेला. गॅरेजकडून पैसे परत मिळतील?

प्रश्न : माझी २०११ची हॅचबॅक आहे. एका गॅरेजने या उन्हाळ्यात तीन वेळा एसीचा गॅस भरून दर वेळी २,२०० रुपये घेतले. तीन आठवड्यांत कूलिंग जाते. आता ‘कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड खोलावा लागेल, १४,००० होतील’ असे सांगतात. बिलावर ‘गॅसची गॅरंटी नाही’ असा शिक्का आहे. दाद मागता येईल का?

उत्तर : येईल, पण तक्रार नेमकी मांडा. ‘गॅस गेला’ एवढ्यावर ती टिकणार नाही. जुन्या गाडीत ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) कडक होतात, कंडेन्सरला (गाडीच्या पुढच्या जाळीमागे असलेल्या एसीच्या भागाला) खडी लागते. त्यात गॅरेजचा दोष नाही. लीक न शोधताच पुन्हा पैसे घेऊन गॅस भरला, हा दोष आहे. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दुसऱ्या खेपेला तरी तपासणी व्हायलाच हवी होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(११)नुसार ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. शिक्क्याने फारसे बिघडत नाही. तो गॅसबद्दल आहे, न केलेल्या तपासणीबद्दल नाही. मात्र ‘लीक नंतर बघू, सध्या नुसता गॅस भरा’ असे तुम्हीच सांगितले असेल, तर बाजू लंगडी पडते.

तिन्ही बिले काढून पाहा. व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून घेणे) किती वेळ धरला, किती ग्रॅम आर-१३४ए (एसीचा गॅस) भरला, लीक कशाने तपासले, यातले काही लिहिले आहे का? किती गॅस लागतो ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असते. नुसत्या व्हॅक्यूमवर ‘लीक नाही’ म्हणणेही पुरेसे नाही, कारण बारीक लीक त्यात अनेकदा निसटते. ते शोधायला उरलेला गॅस काढून घेऊन, नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांवर साबणाचे पाणी लावतात. सर्व्हिस व्हॉल्व्हची (जिथून गॅस भरतात त्या तोंडाची) पिनही तपासायची असते; ती स्वस्त असते आणि बऱ्याचदा दोषी तीच निघते. कूलिंग कॉइलपाशी हात पोहोचत नाही, म्हणून लीक डिटेक्टरचे टोक पाण्याच्या ड्रेन पाइपपाशी धरतात. कॉइलवर बोट ठेवताना यातले काय केले, हे गॅरेजला लेखी विचारा.

लोक चुकतात ते इथे : रागाने दुसरीकडे काम करून घेतात आणि पुरावा भंगारात जातो. आधी गॅरेजला स्पीड पोस्टाने नोटीस द्या, सात दिवसांत तुमच्यासमोर तपासणी करायला सांगा. त्यांनी ती केली नाही तर दुसऱ्या मेकॅनिककडून सही-तारखेसह लेखी अहवाल घ्या. काढलेली कॉइल जपून ठेवा. लीकपाशी दिसणाऱ्या तेलाच्या डागांचे फोटो पार्ट काढण्यापूर्वीच घ्या.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची (कलम ६९).

मागणी मात्र बेताची ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेचे ४,४०० रुपये, तपासणीचा खर्च आणि त्रासापोटी माफक भरपाई. पहिल्या खेपेचे पैसे मिळणे कठीण आहे. कॉइल खरोखर गळत असेल, तर ती बदलण्याचा खर्च तुमचाच.