आधी भिंत बघा, मग पाट

प्रश्न : आमचं इंदूरच्या रामबागेतलं घर जुनं आहे. आजेसासूबाईंचे चार सागवानी पाट माळ्यावर पडून होते. बैठकीत त्यांच्या फळ्या करायच्या आहेत, पण भिंतीत खिळा ठोकला की पोपडाच खाली येतो. सुतार म्हणतो, पाटाचे पाय कापून टाका. कापू का?

उत्तर : मुळीच कापू नका, त्या पायांचाच तुम्हाला उपयोग आहे. पाटाची लांब बाजू भिंतीला लावली की खालच्या दोन्ही पट्ट्या भिंतीशी काटकोनात येतात. लोखंडी ब्रॅकेटचा आडवा हात त्या पट्टीखाली धरा आणि स्क्रू पट्टीतच वर चढवा. वरच्या फळीला भोक पडत नाही, आणि उद्या कोणाला श्रावणी सोमवारी पाट मांडावासा वाटला तर चार स्क्रू काढून मांडता येतो. ब्रॅकेटचा हात पाटाच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश हवा. सुतार सहसा हाताशी असलेला आखूड ब्रॅकेट लावून मोकळे होतात. मग पाट पुढे झुकतो.

आता भिंत. जुन्या घरांत विटा चुन्यात किंवा मातीत रचलेल्या असतात आणि वर जाड गिलावा असतो. खिळा त्या गिलाव्यात किंवा सांध्यातच अडकतो, विटेपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी चार-पाच मिलिमीटरच्या बिटाने बारीक भोक पाडून बघा. लाल भुकटी आली तर वीट लागली. पांढरी किंवा मातकट भुकटी भुरभुरत राहिली तर तो सांधा आहे, तीन-चार सेंटिमीटर सरका. वीट सापडली की आठ मिलिमीटरची लांब गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा प्लग) बसवा, गिलावा सोडून विटेत निदान पाच सेंटिमीटर जाईल अशी. ड्रिलचं हॅमर बंद ठेवा, नाहीतर शेजारची वीटही हलेल. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक नको, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

इतकं करूनही वीट मऊच लागली, तर हट्ट सोडा. अशा घरांत कोनाडे असतात, लाकडी खांब असतात. खांबात स्क्रू उत्तम धरतो. कोनाड्यात पाट बसत असेल तर ब्रॅकेटही नको, आणि माझ्या मते दिसायलाही तेच सगळ्यात देखणं.

वजनाचंही लक्षात असू द्या. एक मीटर फळी पुस्तकांनी गच्च भरली तर वीस-तीस किलो भार सहज होतो. पाटांवर पितळी समई, अत्तरदाणी, फोटो ठेवा. दिवाळी अंकांचे गठ्ठे नकोत.

प्रश्न : विजय नगरला नवीन फ्लॅट घेतला. जुन्या शिलाई मशीनचे ड्रॉवर भिंतीवर लावले, पण गिट्टी भोकातच गोल फिरते. भिंत कच्ची आहे का?

उत्तर : भिंत कच्ची नाही, एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची असावी. भोक पाडताना राखाडी, पिठासारखी हलकी भुकटी आली असेल तर नक्कीच. त्या ठोकळ्यांत हवेचे बुडबुडे असतात, साधी गिट्टी धरत नाही. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात ‘एएसीची नायलॉन गिट्टी’ मागा, लांब असते. हॅमर बंद ठेवून, गिट्टीच्या मापापेक्षा किंचित बारीक भोक पाडा. जुनं भोक सोडून द्या, हातभर नाही तरी वीतभर दूर जा. कॉलम-बीममध्ये मात्र काँक्रीट असतं, तिथे हॅमर लागेलच.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. ड्रॉवर उघडी बाजू पुढे करून लावला की त्याचा तळ भिंतीला टेकतो, आणि तो तळ तीन-चार मिलिमीटरचा प्लाय असतो. त्यातून स्क्रू मारून सगळा भार त्यावर टांगला तर एक दिवस प्लाय भिंतीवर आणि ड्रॉवर जमिनीवर. आतून, वरच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटर जाडीची लाकडी पट्टी गोंद आणि स्क्रूने ड्रॉवरच्या वरच्या बाजूला जोडा. भिंतीतले स्क्रू त्या पट्टीतून जाऊ द्या. ड्रॉवर उभा लावून मूठ खाली ठेवलीत तर किल्ल्या अडकवायला खुंटीही मिळते.

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यातून लाकडी पॅलेट (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटी) मिळतात, आणि घरी जुन्या, रंगवलेल्या खिडक्यांची दारं आहेत. मुलांच्या खोलीत काय वापरू?

उत्तर : पॅलेट वापरा, पण शिक्का बघून. परदेशी मालाच्या पॅलेटवर ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते घरात आणू नका. तेला-रसायनांचे डाग असलेलंही नको. खालून पिठासारखा भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे, असं लाकूड बाकीच्या सामानाजवळ ठेवूही नका.

खिडक्यांची दारं मुलांच्या खोलीत नकोत. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. पॉलिशपेपरने कोरडं घासलं की तीच धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते. बैठकीत लावायची असतील तर पाणी लावून ओलं घासा, मास्क घाला, मुलांना बाहेर पाठवा आणि चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्या. जुना रंग उठावदार दिसतो म्हणून तसाच ठेवायचा असेल तर वर वॉर्निशचे दोन हात द्या. पण पोपडे सुटत असतील तर वॉर्निशने काही साधत नाही.

प्रश्न : लोकमान्य नगरला भाड्याने राहतो, मालक भोक पाडू देत नाहीत. डबल टेपने फळी चिकटेल का?

उत्तर : चिकटेल आणि पडेल, बहुतेक रात्री. गिलाव्यावरचा रंगच टेपबरोबर सुटून येतो. जुनी लाकडी शिडी भिंतीला टेकवा, पायऱ्यांवर आडव्या फळ्या टाका आणि खाली रबराचे बूट बसवा. घरात रांगणारं मूल असेल तर शिडी नको. दोन जुन्या ट्रंका एकावर एक ठेवा, वरची सरकू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये गोणपाटाची पट्टी द्या.

प्रश्न : तेलाचे पंधरा किलोचे रिकामे पिपे आडवे करून स्वयंपाकघरात टांगले तर?

उत्तर : टांगता येतात, पण कापलेली कड चाकूसारखी असते. ती आत दुमडून ठोकल्याशिवाय हात घालू नका. सोड्याच्या गरम पाण्याने तेल पूर्ण काढा, नाहीतर रंग धरत नाही आणि मुंग्या मात्र येतात. शेगडीपासून दूर लावा, आणि आत मिठाची बरणी ठेवू नका. मीठ सांडलं की पत्र्याला पावसाळ्यात गंज धरलाच म्हणून समजा.