अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षावर त्याचेच पुरोगामी समर्थक एवढे नाराज का असतात?

मी याच पक्षाचा मतदार म्हणून उत्तर देतो आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यापासून मी प्रत्येक निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षालाच मत दिले आहे आणि रिपब्लिकन पक्षाला ते कधी देईन असे वाटत नाही. नाराजीचे मूळ नेमके येथेच आहे. आम्ही दुसरीकडे जाणार नाही हे पक्षाला पक्के ठाऊक आहे, आणि देणगीदार मात्र केव्हाही हात आखडता घेऊ शकतात हेही त्याला ठाऊक आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील जवळपास दर तीन कामगारांपैकी एक जण युनियनचा सभासद होता. पुढे हे प्रमाण घसरत गेले (आज ते दहांत एक एवढेच आहे) आणि त्याबरोबर पक्षाचा निधी आणि दारोदार प्रचार करणारी माणसे, दोन्ही आटली. १९८४ साली पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्टर माँडेल ५० पैकी ४९ राज्यांत हरल्यानंतर पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक लीडरशिप कौन्सिल स्थापन झाली. पक्षाने युनियनपासून थोडे अंतर ठेवून उद्योगजगताशी जुळवून घ्यावे, असा तिचा आग्रह होता आणि तिचे एके काळचे अध्यक्ष बिल क्लिंटन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १९९३ साली त्यांनी नाफ्टा हा कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा व्यापार करार प्रतिनिधीगृहात नेला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या १०२ सदस्यांनी त्याच्या बाजूने आणि १५६ सदस्यांनी विरोधात मत दिले. करार तरला तो १३२ रिपब्लिकन मतांवर.

मला सर्वांत जास्त सलते ती गोष्ट मात्र १९९८ ची आहे. ब्रुक्सली बॉर्न तेव्हा वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या अध्यक्ष होत्या. बाजाराबाहेर, बड्या संस्थांमध्ये परस्पर होणाऱ्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांचे (म्हणजे दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या किमतीवर किंवा जोखमीवर आधारलेल्या करारांचे) नियमन करावे का, एवढाच प्रश्न त्यांनी एका जाहीर टिपणातून मांडला. त्यांच्या विरोधात सर्वांत ठामपणे उभे राहिले ते क्लिंटन यांचेच अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन, जे सरकारात येण्यापूर्वी गोल्डमन सॅक्सचे सहअध्यक्ष होते. केंद्रीय बँकेचे म्हणजे फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन आणि अर्थखात्याचे उपमंत्री लॅरी समर्सही रुबिन यांच्याच बाजूचे होते. १९९९ साली बॉर्न पदावरून गेल्या. त्याच वर्षी व्यापारी बँका आणि गुंतवणूक बँका यांना १९३३ पासून वेगळे ठेवणारी ग्लास-स्टीगल कायद्याची भिंत पाडण्यात आली, रुबिन सिटीग्रुपमध्ये रुजू झाले आणि २००० च्या कायद्याने हे डेरिव्हेटिव्ह व्यवहार बहुतांशी नियमनाबाहेर ठेवले. २००८ साली एआयजी ही विमा कंपनी बुडण्याच्या बेतात आली ती अशाच व्यवहारांमुळे. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, तेव्हा रिपब्लिकनांच्या ताब्यात होती हे खरे, पण दोन्ही कायद्यांवर सही क्लिंटन यांची आहे.

त्यानंतर बहुमत आले तेव्हाही हवी तेवढी मते नेमकी कमीच पडत गेली. २००९ साली ओबामा यांच्या आरोग्य विमा कायद्यातील सरकारी विम्याचा पर्याय, डेमोक्रॅटिक गटात बसणारे अपक्ष सिनेटर जो लिबरमन यांच्या विरोधामुळे गळला; त्या कायद्याने लाखो लोकांना विमा मिळाला हे मी मनापासून मान्य करतो, पण विमा कंपन्यांना खरी स्पर्धा करणारा भाग त्यातून गेला. तासाचे किमान केंद्रीय वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच थांबलेले आहे. ते १५ डॉलर करण्याची सिनेटर बर्नी सँडर्स यांची दुरुस्ती मार्च २०२१ मध्ये सिनेटपुढे आली, तेव्हा विरोधात मत देणाऱ्यांत डेमोक्रॅटिक गटाचे आठ सदस्य होते. २०२२ साली, खासगी गुंतवणूक निधींच्या व्यवस्थापकांना कमी दराने कर भरू देणारी पळवाट थोडी आवळण्याची तरतूद डेमोक्रॅटिक सिनेटर कर्स्टन सिनेमा यांच्या आग्रहाखातर विधेयकातून काढावी लागली.

बायडेन यांच्या काळात काही बदल झाले आणि ते लहान नव्हते. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विमा योजनेला औषध कंपन्यांशी किमतींबाबत वाटाघाटी करण्याचा अधिकार मिळाला, सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन स्वतः मोटार कामगारांच्या संपात जाऊन उभे राहिले आणि मक्तेदारीविरुद्धच्या कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनवर लीना खान यांची नेमणूक झाली. अनेक वर्षांनंतर कोणीतरी बड्या कंपन्यांच्या विलीनीकरणांना न्यायालयात आव्हान देते आहे, याचा आम्हाला किती आनंद झाला होता हे शब्दांत सांगणे कठीण आहे. २०२४ च्या जुलैमध्ये कमला हॅरिस उमेदवार होणार हे दिसताच लिंक्डइनचे सहसंस्थापक आणि पक्षाचे मोठे देणगीदार रीड हॉफमन यांनी खान यांना बदलावे असे दूरचित्रवाणीवर उघडपणे सांगितले. खान यांना पदावर ठेवीन, एवढे एक वाक्य आम्हाला त्या प्रचारात हॅरिस यांच्या तोंडून ऐकायचे होते, आणि ते शेवटपर्यंत ऐकायला मिळाले नाही.