सॅल्यूट ‘परत केला’ की ‘स्वीकारला’?

प्रश्न असा आला आहे : एका युद्धकथेचा मराठी अनुवाद चालू आहे. कथेत एक शिपाई कॅप्टनला सॅल्यूट करतो आणि कॅप्टन तो, इंग्रजीतल्याच शब्दात सांगायचं तर, ‘रिटर्न’ करतो. अनुवादिकेने आधी लिहिलं, ‘कॅप्टनने सलाम परत केला.’ ते कानाला खटकलं म्हणून बदलून ‘कॅप्टनने मुजरा स्वीकारला’ असं केलं. तेही पटेना. तेव्हा नाम कोणतं घ्यावं, क्रियापद कोणतं, आणि मुळात सैनिक अधिकाऱ्याला सॅल्यूट करतात ते का, असे तीन प्रश्न त्यांनी एकदम विचारले आहेत.

एकदम विचारले हे फार बरं झालं. तिसऱ्याचं उत्तर हाती आल्याशिवाय पहिल्या दोघांचं लागत नाही.

‘परत केला’ का खटकतं ते उघड आहे. मराठीत उसनी आणलेली वस्तू परत करतात, नाहीतर नको असलेली. आहेर परत केला, पुरस्कार परत केला. म्हणजे ‘सलाम परत केला’ वाचताना कॅप्टनने त्या शिपायाचा अपमान केला असंच वाटणार. मूळ कथेत घडतं ते नेमकं याच्या उलट.

‘मुजरा स्वीकारला’ हे अस्सल मराठी आहे, पण ते वेगळ्याच प्रसंगाचं वर्णन आहे. मुजरा करणारा कमरेत वाकतो. ज्याला मुजरा होतो तो वाकत नाही. त्याने नुसती मान हलवली तरी मुजरा पावला. ‘मुजऱ्याचा स्वीकार असावा’ या विनंतीतच हे आलं : स्वीकार मागायचा असतो, कारण तो मिळेलच असं नाही. ‘कुर्निसात’ त्याच्याही पुढचा. हा शब्द तुर्की मुळाचा, फारसीत ‘कोर्निश’ होऊन आपल्याकडे आला. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातली कोर्निश कशी करायची ते लिहून ठेवलं आहे : उजव्या हाताचा तळवा कपाळावर ठेवायचा आणि मस्तक झुकवायचं. त्याचा अर्थही त्याने दिला आहे. माणूस आपलं मस्तक नम्रतेच्या हातावर ठेवतो आणि ते दरबाराला नजर करतो.

आता याच्या शेजारी सॅल्यूट ठेवून पाहा. इथेही उजवा हात कपाळाशी जातो. पण मान ताठ, पाठ ताठ, बोटं जुळलेली, मनगट सरळ, आणि नजर समोरच्या माणसावर. हात तोच, जागा जवळपास तीच, आणि शरीर सांगतं ते मात्र अगदी निराळं. कुर्निसातात हात मस्तकाला खाली नेतो. सॅल्यूटमध्ये हात मस्तकापर्यंत वर येतो आणि मस्तक जागचं हलत नाही.

हा हात तिथे आला कसा? चिलखती सरदार शिरस्त्राणाची जाळी वर करून चेहरा दाखवत, त्यातून सॅल्यूट आला, ही गोष्ट फार सांगितली जाते. ऐकायला छान आहे, पण माझा भर तिच्यावर नाही. ज्याचा लेखी माग लागतो तो रिवाज साधा आहे : युरोपात वरिष्ठासमोर टोपी काढत. सैनिकांच्या टोप्या मोठ्या आणि अवजड होत गेल्या, दर वेळी त्या काढणं-घालणं जिकिरीचं झालं, आणि हात टोपीपर्यंत नेऊन थांबू लागला. ब्रिटनच्या कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीचा 1745 सालचा एक हुकूम यासाठी नेहमी दाखवतात. अधिकाऱ्याजवळून जाताना किंवा त्याच्याशी बोलताना टोपी काढू नये, हात टोपीला लावून वाकून पुढे जावं, असा तो हुकूम. त्यात ‘वाकून’ आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. तोवर वाकणं सुटलेलं नव्हतं. पुढे तेही गेलं आणि नुसता हात राहिला. ब्रिटिश सैन्यात डोक्यावर टोपी नसेल तर आजही हाताने सॅल्यूट करत नाहीत, नुसते सावधान उभे राहतात. हाताच्या त्या हालचालीत टोपी अजून शिल्लक आहे.

आता ‘का’कडे येऊ. सैनिकाला विचारलं तर एका वाक्यात उत्तर मिळतं : सॅल्यूट माणसाला नसतो, हुद्द्याला असतो. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यातल्या ‘हुद्दा’ शब्दाकडे लक्षच जात नाही. हा शब्द अरबी ‘उहदा’वरून आला. त्याचा मूळ अर्थ जबाबदारी, अंगावर घेतलेलं बंधन. पद, अधिकार हे अर्थ नंतरचे. तेव्हा शब्दाच्या मुळाशी जाऊन वाचलं तर सॅल्यूट होतो तो अधिकाऱ्याने अंगावर घेतलेल्या जबाबदारीला. त्याच्या एका शब्दावर समोरचा माणूस मरणाच्या तोंडात जाणार असतो. त्या शब्दाचा भार त्याने उचलला आहे, याची ती पोच असते.

अमेरिकी सैन्यात एक जुनी रीत आहे. नव्याने अधिकारी झालेला तरुण, आपल्याला पहिला सॅल्यूट करणाऱ्या सैनिकाला चांदीचा डॉलर देतो. हा सैनिक पुष्कळदा त्याला कवायत शिकवणारा सार्जंटच असतो. डोळ्यांसमोर आणा : काल ज्याच्या ओरडण्याने हा थरथरत होता, ज्याची नोकरी याच्या वयाएवढी झाली असेल, तोच आज टाच जुळवून याला सॅल्यूट करतो आहे. माणसं दोन्ही कालचीच. खांद्यावर काहीतरी नवीन आलं आहे, आणि सॅल्यूट त्याला आहे.

याहून पक्का दाखला 1949च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या 39व्या कलमात आहे. युद्धकैद्यांनी, आपल्याला कैदेत ठेवणाऱ्या शत्रूच्या अधिकाऱ्यांना सॅल्यूट केला पाहिजे, असं ते कलम सांगतं. कैदी स्वतः अधिकारी असेल तर त्याने फक्त आपल्याहून वरच्या हुद्द्यावरच्यांना करावा. छावणीच्या प्रमुखाला मात्र त्याचा हुद्दा कोणताही असला तरी करावा. कालपर्यंत ज्याच्यावर गोळ्या झाडल्या त्याच्याविषयी प्रेम किंवा भक्ती बाळगा, असं कोणताही करार सांगू शकणार नाही. सॅल्यूट भक्तीचा नसतो म्हणूनच त्याचं कलम होऊ शकतं. त्याला भक्तीचा करायचा प्रयत्नही झाला. 20 जुलै 1944 रोजी हिटलरला मारण्याचा लष्करी अधिकाऱ्यांचा कट फसला आणि चारच दिवसांनी जर्मन सैन्याचा नेहमीचा सॅल्यूट बंद करून पसरलेल्या हाताचा नाझी सलाम सक्तीचा झाला. हुद्द्याला होणारी खूण एका माणसाच्या निष्ठेला जुंपली गेली.

उलट टोकाचं उदाहरण रशियाचं आहे, आणि भाषेच्या माणसाला ते विशेष जवळचं वाटेल. 1917च्या मार्चमध्ये, क्रांतीच्या दिवसांत, पेट्रोग्राड सोव्हिएतने, म्हणजे राजधानीतल्या कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींच्या मंडळाने, आपला पहिला हुकूम काढला. ड्यूटीवर नसताना सावधान उभं राहणं आणि सक्तीने सॅल्यूट करणं त्याने रद्द केलं. अधिकाऱ्यांना लावायच्या ‘महामहिम’सारख्या पदव्या बंद केल्या. आणि त्याच हुकुमाने, अधिकाऱ्यांनी सैनिकांना ‘तू’ म्हणायला मनाई केली. रशियन भाषेत आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा भेद आहे. सैनिकांना डाचत होतं ते हे, की आम्ही हात कपाळाला लावायचा, ‘महामहिम’ म्हणायचं, आणि वरून उत्तर यायचं ‘तू’. आदर एकाच दिशेने वाहत होता.

शब्दांचा उलगडा इथेच होतो. सॅल्यूटचा अर्धा भाग हाताखालच्याचा असतो आणि अर्धा वरिष्ठाचा. आधी करायचा तो धाकट्या हुद्द्याने. पण वरिष्ठाने त्याला सॅल्यूटनेच उत्तर द्यायचं असतं, मान हलवून भागत नाही. अनेक सैन्यांत उत्तर येईपर्यंत धाकटा आपला हात खाली घेत नाही. मुजऱ्यात हे दुसरं अर्धं नाहीच.

‘सलाम’मध्ये मात्र ते मुळात होतं. अरबीत ‘सलाम’ म्हणजे शांती, क्षेम. आपल्या ‘शीर सलामत तर पगडी पचास’मधला ‘सलामत’ त्याच धातूचा. ‘अस्सलाम अलैकुम’ म्हटलं की ‘वालैकुम अस्सलाम’ हे उत्तर ठरलेलं. तोच शब्द मराठीत रुळताना मात्र एकेरी झाला. ‘सलाम ठोकणे’, ‘सलाम झोडणे’ म्हटलं की आपल्यापुढे लाचार माणूस उभा राहतो, उत्तर देणारा दिसतच नाही. सॅल्यूटचंही मूळ असंच क्षेमाचं. लॅटिनमध्ये ‘सालुस’ म्हणजे आरोग्य, सुखरूपपणा. त्यावरून अभिवादनाचं क्रियापद झालं आणि त्यावरून सॅल्यूट. ‘सलाम’ आणि ‘सॅल्यूट’ हे एका मुळाचे आहेत असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सलाम सेमिटिक कुळातला, आणि सॅल्यूट ज्या मुळातून आला त्याच मुळातून संस्कृतचा ‘सर्व’ आला : अखंड, संपूर्ण, म्हणून धडधाकट. दोन वेगळ्या कुळांतले शब्द एकाच इच्छेपाशी येऊन पोचले, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

अभिवादनाला द्यायच्या उत्तरासाठी संस्कृतात चक्क स्वतंत्र शब्द आहे : प्रत्यभिवादन. पाणिनीने त्याच्यावर एक सूत्रच केलं आहे, ‘प्रत्यभिवादेऽशूद्रे’. उत्तर देताना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवून म्हणावा, असा तो नियम. पण सूत्रातच वगळणूक आहे : समोरचा शूद्र असेल तर नाही. उत्तरातला आदर जन्म पाहून वाटला जात होता, आणि व्याकरणाने त्याची नोंद करून ठेवली. सैन्याचा नियम मी याच्या शेजारी ठेवून वाचतो. सर्वांत धाकट्या शिपायाच्या सॅल्यूटलाही पुरतं उत्तर देणं जनरलवर बंधनकारक असतं.

राहिले बाकीचे शब्द. ‘मानवंदना’ आणि ‘सलामी’ हे समारंभाचे. तुकडी, शस्त्रं, तोफा असल्या की ते शोभतात. मानवंदना देतात आणि पाहुणा ती स्वीकारतो. तिथे ‘स्वीकारली’ बिनचूक आहे. वाटेत भेटलेल्या दोन माणसांसाठी हे शब्द फार मोठे होतात. ‘सॅल्यूट मारला’ला हलकं समजायचं कारण नाही. हाक मारतो, मिठी मारतो, गाठ मारतो, तसं ते एका झटक्यात होणाऱ्या कृतीचं ‘मारणे’ आहे. ‘कडक सॅल्यूट ठोकला’मधलं ‘ठोकणे’ही शड्डू ठोकण्यातलं, जोर दाखवणारं, सॅल्यूटबरोबर ते लाचार वाटत नाही, सलामबरोबर वाटतं. निवेदनात ‘केला’ ठेवावा, शिपायांच्या तोंडी ‘मारला’, ‘ठोकला’ खुशाल येऊ द्यावेत. आणि कथेत पुढे आघाडीवरचा प्रसंग असेल तर तिथे सॅल्यूट घालू नये. शत्रूच्या नेमबाजाला अधिकारी कोण ते कळू नये म्हणून तिथे तो मुद्दाम टाळतात.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘शिपायाने सॅल्यूट केला. कॅप्टनने सॅल्यूटला उत्तर दिलं, आणि दोघांचे हात खाली आले, आधी कॅप्टनचा, मग शिपायाचा.’