फौजदारी वकिलाच्या ऑफिसात इंटर्नशिप केल्याने विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय लागते?

तुम्ही पुण्यात तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, फौजदारी काम करणाऱ्या एका ऑफिसात इंटर्नशिपची संधी आली आहे, आणि घरच्यांचे म्हणणे असे की चोरांच्या फायली उपसण्यापेक्षा एखाद्या कंपनीच्या विधी विभागात जावे. तर काय करावे आणि तिथे शिकायला काय मिळते, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: जा, आणि जमल्यास कंपनीच्या आधी जा. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या नियमांनुसार तुमच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप करावीच लागते आणि त्यात निदान एकदा खटले चालवणाऱ्या वकिलाकडे काम करणे अपेक्षित आहे. ते दाखल्यापुरते उरकायचे की मनापासून करायचे, एवढेच तुमच्या हातात आहे.

मी विद्यार्थिनी असताना शिवाजीनगर न्यायालयात फौजदारी काम करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे जात असे. तेव्हा जुनी दंड प्रक्रिया संहिता लागू होती. त्या काळातले एक प्रकरण सांगते. पक्षकाराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मंगल कार्यालयात वाढप्याचे काम करणाऱ्या एका तरुण मुलावर वधूपक्षाच्या खोलीतून दागिने चोरल्याचा आरोप होता आणि त्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ३८० खाली अटक झाली होती. पोलीस कोठडी संपून त्याची येरवड्याला न्यायालयीन कोठडीत रवानगी झाली, आम्ही जामिनाचा अर्ज दिला, सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे त्यावरचे लेखी म्हणणे, आला आणि युक्तिवादानंतर न्यायालयाने पंचवीस हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायचे हमीपत्र) व तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार या अटीवर जामीन मंजूर केला. पाठ्यपुस्तकातले प्रकरण इथे संपते. आमचे काम इथून पुढे सुरू झाले.

मुलाची आई धुणीभांडी करणारी, पर्वती पायथ्याला भाड्याच्या खोलीत राहणारी. तिच्या नावावर ना घर, ना घरपट्टीची पावती. भोर तालुक्यातला एक दूरचा दीर जामीनदार व्हायला तयार झाला, पण त्याच्या सातबाऱ्यावर भावकीतली सगळी नावे एकत्र आणि आधार कार्डावर पत्ता मुंबईचा. न्यायालयाच्या कार्यालयाने साहजिकच शंका काढल्या. ऑफिसचे कारकून, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून जामीनदाराची कागदपत्रे एकेक करून समजावली: ताजा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, फोटो, ओळखपत्र, आणि आपण आणखी किती आरोपींना जामीन राहिलो आहोत हे सांगणारे जामीनदाराचे प्रतिज्ञापत्र. यातले काहीही मला वर्गात कोणी शिकवले नव्हते. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेपा चालू होत्या, आणि जामीन मंजूर झालेला मुलगा त्या काळात तुरुंगातच होता.

शेवटी सरांनी, म्हणजे त्या ज्येष्ठ वकिलांनी, मला दंड प्रक्रिया संहितेचे कलम ४४५ काढायला सांगितले आणि जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू देण्याचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. त्यांच्या सूचना ठाम होत्या. जामिनाच्या आदेशाची तारीख, त्यानंतर तुरुंगात गेलेले दिवस, जामीनदार का मिळत नाही याचे कारण, भाड्याची पावती आणि किती रक्कम तयार आहे, एवढेच अर्जात असावे, विशेषण एकही नको. अर्ज मंजूर झाला. रकमेतला मोठा भाग त्या मुलाच्या केटररने दिला. हा मुलगा चार लग्नसराया माझ्याकडे आहे, असे सांगून त्याने पैसे आईच्या हातात ठेवले आणि तिने ते न्यायालयाच्या काउंटरवर स्वतः भरले. आदेश तुरुंगात पोहोचून दुसऱ्या दिवशी मुलगा घरी गेला. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच कैद्यांसाठी निर्देश दिले: जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलने तुरुंग अधीक्षकांना पाठवावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा. ते निर्देश वाचताना मला कोणाची आठवण आली हे सांगायला नको.

त्याच प्रकरणाचे दोषारोपपत्र आल्यावर सरांनी मला कागद वाचायला शिकवले. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जप्तीचा पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब समोर ठेवून तारखा व वेळा यांचा तक्ता करायचा आणि एका कागदातली वेळ दुसऱ्या कागदाशी जुळते का हे पाहायचे. तीन वाढप्यांचे जबाब मी शेजारीशेजारी ठेवले तेव्हा दोन परिच्छेद शब्दशः सारखे निघाले, अगदी शुद्धलेखनाच्या एका चुकीसकट, आणि तिन्हींच्या शेवटी ‘माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे’ हे ठरलेले वाक्य होते. पोलिसांपुढचा जबाब हा पुरावा नसतो, साक्षीदार न्यायालयात शपथेवर सांगतो तो पुरावा, आणि जबाबाचा उपयोग बचाव पक्षाला मुख्यतः उलटतपासणीत विसंगती दाखवण्यापुरता होतो, हा नियम परीक्षेत सगळेच लिहितात. तो वापरायचा कसा हे मला त्या तीन जबाबांवरून कळले. माझे मत विचाराल तर मूट कोर्टाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अभिरूप खटल्यांच्या स्पर्धेतल्या, दहा ढालींपेक्षा असे एक दोषारोपपत्र नीट वाचणे जास्त मोलाचे आहे. पुण्यात इंग्रजी माध्यमातून आलेले अनेक विद्यार्थी इथेच अडतात, कारण हे सगळे कागद मराठीत, आणि पंचनामा कित्येकदा हस्ताक्षरात असतो.

आता तुमच्या घरच्यांच्या आक्षेपाविषयी, कारण हाच आक्षेप मी माझ्या मामांकडून वर्षानुवर्षे ऐकला आहे. पोलिसांनी पकडले म्हणजे काहीतरी केलेच असणार, आणि अशा माणसासाठी शिकल्या-सवरलेल्या मुलीने तहसीलच्या पायऱ्या झिजवू नयेत, असे त्यांचे म्हणणे. हे प्रकरण मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: शेवटी तो सुटला का? खटल्याचा निकाल मी त्यांना सांगितला नाही आणि इथेही मुद्दाम सांगत नाही, कारण जामिनाचा हक्क निकालावर अवलंबून नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतल्या दर शंभर कैद्यांपैकी सुमारे ७६ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा दोष अजून ठरलेला नाही असे. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या अशाच कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ सालीच सांगितले की जलद खटला हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. वकील आरोपीच्या गुन्ह्याची बाजू घेत नाही; राज्याने त्याला कोंडण्याआधी कायद्याची प्रत्येक पायरी पाळली की नाही हे तो तपासतो. हे काम कमी प्रतीचे आहे असे म्हणणाऱ्याने, मग तो माझा मामा का असेना, राज्यघटनेचा अनुच्छेद २२ एकदा उघडून वाचावा.

काही गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. विद्यावेतन बहुतेक ठिकाणी मिळत नाही किंवा प्रवासखर्चापुरते मिळते, तेव्हा पहिल्याच भेटीत विचारून घ्या. ज्या ऑफिसातले वकील स्वतः साक्षी-पुरावे चालवतात तिथेच जा. फक्त तारखा घेणाऱ्या ऑफिसात तुम्हीही फक्त तारखा घ्याल. पोलीस ठाण्यात किंवा तुरुंगात एकट्याने पाठवले तर, विशेषतः मुलींनी, सोबत कारकून किंवा कनिष्ठ वकील मागावा, आणि त्यात संकोच करू नये. पक्षकाराच्या कागदाचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे (दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता) आले असले तरी त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते, म्हणून जुनी-नवी दोन्ही कलमे शेजारीशेजारी लिहिलेली वही ठेवा. आणि महिनाभर काम करूनही तुमचे मन करारनाम्यांतच रमते असे दिसले तर खुशाल कंपनीत जा. त्यातही कमीपणा नाही.

घरच्यांची समजूत घालायची असेल तर एखाद्या दिवशी वडिलांना शिवाजीनगरला घेऊन या आणि रिमांडची, म्हणजे अटक केलेल्यांच्या कोठडीची, कामे चालू असताना मागच्या बाकावर बसवा. न्यायालय सर्वांना खुले असते, त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. मामांना मी हे आमंत्रण पूर्वीच दिले आहे आणि ते अजून कायम आहे. एवढे पाहूनही वडिलांचे मत बदलले नाही तर त्यांच्याशी भांडू नका, पण आलेली संधीही सोडू नका.