झोळी घ्या, पॉलिसी परत करा

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा: लेक साडेतीन महिन्यांची, वजन सहा किलो. दिवसभर कडेवर, त्यामुळे खांदे आणि कंबर भरून येतात. नणंदेने बाळ अंगाशी बांधायचं, परदेशी बनावटीचं बकलचं कॅरिअर सुचवलं आहे, किंमत १३,५०० रुपये, ‘नो-कॉस्ट’ नऊ हप्त्यांत. हातमागाची रिंग स्लिंग, म्हणजे कड्यांतून ओवून एका खांद्यावर घ्यायची झोळी, ३,२०० रुपयांना मिळते. सासूबाई म्हणतात, माझं जुनं लुगडं आहे, त्यात बांध. पुढे ताई लिहितात: “काय घेऊ? हात जरा आखडता आहे. बँकेत लेकीचं खातं उघडायला गेलो तेव्हा तिच्या नावाने चाइल्ड प्लॅनही घेतला. वर्षाला ६० हजार, १५ वर्षं भरायचे, २० वर्षांनी १७ लाख. तिच्या शिक्षणाची काळजी मिटली. पॉलिसीचे कागद १२ तारखेला घरी आले.” सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आहे आणि घरखर्चाचा हिशेब.

ताई, झोळीचं सांगतो, पण नंतर. आज २६ तारीख आहे आणि तुमच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत, म्हणून तुमचं पत्र रांग मोडून आधी घेतलं.

आयुर्विमा पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती कारण सांगून परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. पूर्वी ही मुदत साधारण १५ दिवसांची होती, २०२४ च्या नियमांनी ती ३० झाली. जितके दिवस विमा होता तितक्या दिवसांचे पैसे आणि मुद्रांक शुल्क वगैरे कापून बाकी सगळं परत मिळतं. एक गोष्ट आजच तपासा: पॉलिसी आधी ईमेलवर आली होती का? आली असेल तर दिवस त्या तारखेपासून मोजतात, पोस्टमनच्या तारखेपासून नाही.

परत का करायची, ते तुम्हीच पाठवलेल्या पानावर आहे. ‘विमित व्यक्ती’ या रकान्यात तुमच्या लेकीचं नाव आहे. विमा कशासाठी असतो? कमावणारं माणूस गेलं तर घर चालावं म्हणून. साडेतीन महिन्यांच्या बाळाच्या पगारावर तुमच्या घरात कोणीही अवलंबून नाही. बँकेतल्या माणसाने सांगितलं, “बाबांना काही झालं तर पुढचे हप्ते कंपनी भरेल.” त्यासाठी हप्ता माफीची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि तुमच्या पानावर तो रकाना रिकामा आहे. म्हणजे वडील गेले तर हप्ते तुम्ही भरायचे, नाहीतर पॉलिसी अर्धीमुर्धी होऊन पडणार. लेकीचं खातं काढायला आलेल्या आईबापांसमोर असा कागद सरकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या दिवशी तुमची झोप झालेली नव्हती, बाळ रडत होतं आणि सही कुठे करायची ते पेन्सिलने खुणावलेलं होतं.

आता परतावा. नऊ लाख भरायचे आणि सतरा लाख मिळायचे, हे ऐकायला दुपटीच्या जवळ वाटतं. वीस वर्षं हिशेबात धरली की तो परतावा पाच टक्क्यांच्याही किंचित आत येतो. हेच ६० हजार याच पद्धतीने पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ठेवले तर २३ लाखांच्या आसपास होतात. तुम्हाला मुलगी आहे, म्हणजे सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. तिथे २०२४ पासून दर ८.२ टक्के आहे. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, तरी आजच्या दराने २६ लाखांच्या पुढे जातात. तुमच्या पॉलिसीपेक्षा नऊ लाख जास्त, तेही पोस्टात.

आणि काळजी मिटली म्हणता, तर तेही पाहू. आज इंजिनिअरिंगचा चार वर्षांचा खर्च बारा लाख धरा. शिक्षण आठ टक्क्यांनी महागत गेलं तर नऊ वर्षांत दुप्पट, अठरा वर्षांत चौपट. म्हणजे ४८ लाख. त्यात सतरा लाख कुठे पुरणार?

पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी चूक ही पॉलिसीही नाही. तुमचं घरकर्ज ४६ लाख शिल्लक आहे, हप्ता ४० हजार. यजमानांचा पगार हातात ६८ हजार, तुमचा ५२. आणि दोघांपैकी एकाचाही मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेलं तरच पैसे देणारा विमा) नाही. यजमानांना कंपनीकडून दहा लाखांचं छत्र आहे, ते नोकरीबरोबर जातं. उद्या ते नसले तर ५२ हजारांतून ४० हजारांचा हप्ता गेल्यावर तुम्ही लेकीला १२ हजारांत वाढवणार आहात. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण हा विचार तुमच्या घरात कोणीतरी करायलाच हवा होता. साठ हजारांचा विमा घेऊन घर विम्याशिवायच राहिलं.

एक कोटीचा निव्वळ मुदत विमा तिशीच्या, निर्व्यसनी, निरोगी माणसाला वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या आसपास पडतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. दोघांचा घ्या, प्रत्येकी एक कोटी. यजमानांची पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली काढा. अर्जात तशी खूण करायची असते, वेगळा खर्च नाही. मग ते पैसे तुमचे आणि लेकीचेच राहतात, त्यांच्या देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. पॉलिसीच्या साठ हजारांतले यात तीस हजार गेले. उरलेल्या तीसमधले चोवीस सुकन्येत, महिना दोन हजार. बाकीचे सहा तुमच्या हिशेबातल्या अडीअडचणीसाठीच्या ८० हजारांच्या ठेवीत मिळवा. ती आज दोन महिन्यांच्या कर्जहप्त्याएवढीच आहे, आधी ती निदान चार लाखांवर न्या. ४८ लाखांसाठी महिना साडेसात हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहाची गुंतवणूक, लागेल, तीही दहा-साडेदहा टक्के धरून. ती तुमचा पूर्ण पगार सुरू झाल्यावर. कोणी पंधरा टक्के धरून छोटा आकडा दाखवला तर त्याचं ऐकू नका.

पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, शाखेत आणि विमा कंपनीच्या ईमेलवरही. शिक्का-तारखेची पोच हातात घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. “साहेब सुट्टीवर आहेत, पुढच्या आठवड्यात या” हे ऐकायला मिळेल. असे आठवडे वाया घालवायला तुमच्याकडे वेळ नाही. टोलवाटोलवी झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर तक्रार करा. त्यानंतरही अडलं तर पुण्यातच विमा लोकपालाचं कार्यालय आहे. आणि लेकीचं नाव आरोग्य विम्यात घातलंत का? तुमच्या हिशेबात ते दिसलं नाही. दोघांच्याही एचआरला आजच विचारा.

आता झोळी. १३,५०० चं घेऊ नका आणि हप्त्यांवर तर काहीच घेऊ नका. ‘नो-कॉस्ट’मध्येही प्रक्रिया शुल्क लागतं आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो. रिंग स्लिंग छान असते, पटकन घालता येते, पण सगळं वजन एका खांद्यावर येतं. तुमचा खांदा आधीच दुखतो आहे आणि लेक वाढतच जाणार. तुम्हाला दोन खांदे आणि रुंद कमरपट्टा असलेलं सुती बकलचं कॅरिअर हवं. आपल्याकडे बनलेलं साडेचार-पाच हजारांत मिळतं. दीड वर्ष रोज वापरलंत तर दिवसाला आठ-नऊ रुपये. पट्टे कमी-जास्त करून तेच बाबांनाही घालता येतं, आणि तुम्ही कामावर जाऊ लागलात की ते त्यांनी घालायचंच आहे.

दुकानात लेकीला घेऊन जा. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसवा. सिझेरियन झालं असेल तर टाक्यांच्या वर. लेकीचं तोंड तुम्हाला सतत दिसायला हवं, हनुवटी छातीला टेकलेली नको, आणि मान खाली केली की तिच्या कपाळाची पापी घेता यायला हवी. गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्यांना या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत कापडाचा आधार. पाय सरळ लोंबत असतील तर ते कॅरिअर ठेवून द्या, या वयात खुब्याचा सांधा घडत असतो. तोंड बाहेर करून सहा महिन्यांच्या आत बांधू नका. बाळ बांधून स्कूटरवर बसायचं नाही, गॅसपाशी उभं राहायचं नाही.

आणि सासूबाईंचं लुगडं बाजूला टाकू नका. जुन्या सुती कापडाइतकं मऊ आणि हवेशीर काही नाही, शिवाय बांधायची रीत त्यांच्या हातात आहे. पहिले काही दिवस त्या शेजारी असताना घरातच बांधून पाहा, वरचे नियम त्यालाही लावा. त्यात लेक रमली आणि तुमची कंबर दुखायची थांबली, तर पाच हजारही त्या ठेवीतच जाऊ द्या.