उजळणी कुठून सुरू करावी?

प्रश्न : माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञान शाखेत गेली आहे. दहावीला चांगले गुण मिळूनही भौतिकशास्त्राची उदाहरणे तिला अडतात. दहावीचे सगळे गणित आणि विज्ञान तिने पुन्हा वाचावे का? – एक पालक, नाशिक रोड

उत्तर : सगळे वाचण्याची गरज नाही. भौतिकशास्त्रात अडणाऱ्या मुलांचे बहुधा गणितच कच्चे असते. म्हणून गुणोत्तर-प्रमाण, घातांक, आलेख आणि त्रिकोणमिती आधी पक्की करावी. एकसमान त्वरणाचा वेग-काल आलेख काढून, त्याचा चढ म्हणजे त्वरण आणि त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर गतीची समीकरणे घोकावी लागणार नाहीत, कारण विस्थापनाचे समीकरण त्या समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळातूनच निघते. (एकके लिहिण्याचा कंटाळा मात्र अजिबात चालणार नाही.) रसायनशास्त्रात मोल संकल्पना आणि समीकरणांचे संतुलन तूर्त पुरे.

पुस्तकातील विधानाची अट शोधण्याचीही सवय लावावी. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते ते समुद्रसपाटीवरील दाबाला; सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या आपल्या नाशिकमध्ये हवेचा दाब कमी असल्याने ते जवळपास ९८ अंशांनाच उकळते. असे का, हे तिला विचारून पाहा.