समाधान कामगाराला विचारा, उत्पादकता नोंदवहीला

प्रश्न : मी बारामतीत एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘नोकरीतील समाधानाचा उत्पादकतेवर होणारा परिणाम’ हा माझ्या प्रकल्पाचा विषय. तयार कपडे शिवणाऱ्या एका कारखान्याने परवानगी दिली आहे. तिथे ३२० शिलाई ऑपरेटर आहेत. प्रश्नावलीत समाधानाचे २० आणि ‘मी माझे टार्गेट वेळेत पूर्ण करते’ अशा धर्तीचे ५ प्रश्न आहेत. १०० जणींकडून भरून घेणार आहे. एवढे पुरेल का?

उत्तर : ते ५ प्रश्न आधी काढून टाका. एकाच बाईने, एकाच बैठकीत, एकाच पेनाने दोन्हीकडे खुणा केल्या की त्या दिवशीचा मूड दोन्ही आकड्यांत उतरतो. मग जो संबंध दिसतो त्यातला बराचसा त्या बैठकीचाच असतो, कामाचा नव्हे. विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रकल्प इथेच फसतात, आणि परीक्षकाने विचारल्यावर उत्तर सापडत नाही.

उत्पादकता लाइनच्या, म्हणजे शिलाई मशीनच्या रांगेच्या, नोंदीतून घ्या. नुसते पीस मोजू नका, कारण खिसा लावणे आणि बाजूची शिलाई मारणे यांना लागणारा वेळ वेगळा असतो. प्रत्येक ऑपरेशनची प्रमाण मिनिटे, म्हणजे एसएएम, कामाच्या वेळा मोजणाऱ्या आयई (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग) विभागाकडे मिळतात. समजा कॉलर बसवण्याचा एसएएम ०.९ मिनिट आहे. दिवसात ४०० पीस झाले तर ३६० मिनिटांचे काम झाले. हजेरी ४८० मिनिटांची, म्हणजे कार्यक्षमता ७५ टक्के. पण त्यातला एक तास मागच्या मशीनवरून बंडल आले नाहीत म्हणून वाया गेला असेल, तर ३६० ला ४२० ने भागायचे; आकडा जवळपास ८६ होतो. हा खोळंबा वजा केला नाही, तर माल पुरवण्यातला दोष ऑपरेटरच्या माथी बसतो. रिवर्कसाठी, म्हणजे पुन्हा दुरुस्त करायला, परत आलेले पीसही वेगळे काढा. प्रश्नावली भरल्यानंतरच्या चार आठवड्यांची सरासरी घ्या आणि तुलनेसाठी आधीच्या चार आठवड्यांचीही ठेवा. नव्या मुलींचा वेग पहिल्या तीन महिन्यांत शिकण्यामुळेच वाढत असतो, म्हणून त्यांचा हिशेब स्वतंत्र करा.

आता संख्या. २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी या विषयावरचे ३१२ नमुने एकत्र तपासले. मोजमापातल्या त्रुटींची भरपाई करून समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०.३० निघाला, भरपाई न करता तो ०.१८ च्या आसपास होता. तुमच्या हाती कच्चे आकडे असणार, तेव्हा ०.२० धरून चाला. एवढा संबंध ८० टक्के खात्रीने पकडायला सुमारे १९४ जणी लागतात, ०.३० असता तर ८५ पुरल्या असत्या. नमुना किती घ्यावा हे सांगणाऱ्या यामाने यांच्या सूत्राने ३२० साठी १७८ हा आकडा येतो, पण ते सूत्र टक्केवारीचा अंदाज घेण्यासाठी आहे, दोन गोष्टींमधल्या संबंधासाठी नाही. रजा, अर्धवट फॉर्म, न जुळलेल्या नोंदी यांत गळती होतेच. सरळ सगळ्या ३२० जणींना विचारा.

प्रश्न : आमच्याकडे कामगारांच्या समाधानाची पाहणी झाली. पाच गुणांच्या पट्टीवर जवळजवळ सर्वांनी ४ किंवा ५ वरच खुणा केल्या आणि क्रोनबॅक अल्फा मात्र ०.५२ आला. चूक कुठे झाली असावी? (एचआर विभाग, इचलकरंजी)

उत्तर : फॉर्म कोणी वाटले ते आधी पाहा. सुपरवायझरने लाइनवर वाटून तिथेच गोळा केले असतील, तर ४ आणि ५ शिवाय काही मिळणार नाही. आणि त्यात कामगाराचा काही दोष नाही. जेवणाच्या सुट्टीत नव्हे, कामाच्या वेळेतली २० मिनिटे मागून घ्या. कँटीनमध्ये बसवा, बाहेरच्या माणसाने वाचून दाखवावे, फॉर्म कुलूपबंद पेटीत पडावेत. नोंदींशी जुळवायला फॉर्मवर कोड लागतो, म्हणून ‘निनावी’ असे सांगू नका, ते खोटे ठरेल. ‘गोपनीय’ म्हणा, आणि कोडची यादी कंपनीकडे न ठेवता संशोधकाकडे ठेवा.

अल्फा म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचे माप; तो साधारण ०.७० च्या वर असावा. तो घसरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उलटे प्रश्न तसेच मोजणे. ‘इथे माझ्या कामाची दखल घेतली जात नाही’ यावर ५ म्हणजे नाराजी. पाच गुणांच्या पट्टीवर अशा प्रत्येक उत्तराचा गुण ६ मधून वजा करायचा, मगच बेरीज. दुसरे कारण भाषांतर. ‘माझ्यावर अन्याय होत नाही असे मला वाटत नाही’ अशा वाक्यात दोन ‘नाही’ आले की वाचणारा अडखळतो. मराठी मसुदा दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत करून मूळ प्रश्नावलीशी ताडून पाहा, आणि आधी १५ ते २० कामगारांवर चाचणी घ्या.

प्रश्न : समाधान आणि उत्पादकता यांचा सहसंबंध ०.२८ आला. ‘समाधान वाढवल्यास उत्पादकता वाढेल’ असा निष्कर्ष लिहू का? (पुणे)

उत्तर : नको. ०.२८ चा वर्ग ०.०७८, म्हणजे कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम ८ टक्के फरक समाधानाशी जोडता येतो. शिवाय दिशा उलटीही असू शकते. जिथे पीसवर किंवा टार्गेटवर इन्सेंटिव्ह मिळतो, तिथे काम चांगले झाले म्हणून पैसे मिळाले आणि पैसे मिळाले म्हणून समाधान, असेही घडते. चांगला सुपरवायझर तर दोन्ही एकदमच वाढवतो; त्यामुळे एकाच सुपरवायझरच्या हाताखालच्या लोकांची आपसात तुलना करून पाहा.

दिशा ठरवण्याचा एक सुरेख मार्ग ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरवरील अभ्यासात दिसतो. विक्री करणाऱ्या सुमारे १,८०० कर्मचाऱ्यांना सहा महिने दर आठवड्याला आनंदाबद्दल विचारले आणि खिडकीबाहेरच्या हवामानाचा आधार घेतला. मळभाने कर्मचाऱ्याचा मूड उतरतो, पण फोन देशभरातून येत असल्याने ग्राहकावर त्या गावच्या हवेचा परिणाम होत नाही; म्हणजे हवेबरोबर विक्री बदलली तर ती कर्मचाऱ्याच्या मूडमधूनच. आनंदी आठवड्यांत विक्री वाढली, आणि त्यात मुख्य वाटा आलेल्या फोनचे विक्रीत रूपांतर जास्त होण्याचा होता.

तुम्हाला असे जमणार नसेल तर कंपनीला एखादी सुधारणा, समजा शिफ्टचे वेळापत्रक पंधरा दिवस आधी लावणे, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या टीममध्ये आधी सुरू करायला सांगा आणि दोन्ही गटांचे आठ आठवड्यांचे आकडे ठेवा. ते होईपर्यंत अहवालात ‘संबंध आढळला’ एवढेच लिहा.